नवरदेवांच्या खेपा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

नांदेड,
२२ फेब्रुवारी १९८७

चि. शिवकांता हिस उमाआत्याचे आशीर्वाद, आणि आशीर्वादांखाली थोडा दम.

तुझं पत्र पोचलं. लातुरात डाळ मिलच्या माडीवर संगणक केंद्र, त्यात तू, एक यंत्र आणि मालक मन्मथप्पा, हा तुझा संसार वाचून घरात एकटीच हसत बसले. तुमचा जिल्हा होऊन साडेचार वर्षं झाली, तरी लातूरकरांचं नवेपण उतरत नाही. परवा तिकडचे एक गृहस्थ इथे आले होते. चहाच्या आधी जिल्हा, चहाच्या नंतर जिल्हा. पाण्याचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, जिल्हा नवा आहे, येईल हळूहळू.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या बापाचं कार्ड आलं आहे. अण्णाराव लिहितो की बसवजयंतीपर्यंत तुला केंद्रात कायम केलं तर ठीक, नाहीतर तुला चाकूरला परत आणून कंधारच्या शरणप्पाशी लग्न लावून देणार. मुलाचं कापडाचं दुकान आहे, आणि सुनेनं नोकरी करायची नाही, अशी घरच्यांची अट आहे. ती अट माझ्या धाकट्या भावानं अशी लिहिली आहे, जणू ती मुलाची पदवीच. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात नन्सनी मला शिकवलं होतं की कितीही राग आला तरी बाईनं आवाज चढवू नये. म्हणून मी आवाज न चढवता त्याला चार पानं लिहिली. उत्तर नाही.

नुसतं रागावून भागत नाही, म्हणून तुला काम पाठवते. यंदा दुष्काळात कुणाच्याच दारात लग्नाच्या पंगती उठवण्याइतकं पाणी नाही. म्हणून आपल्या समाजानं बसवजयंतीला लातुरात एकाच मांडवात सामुदायिक विवाह ठरवले आहेत. जोड्या सुचवायचं काम नांदेडच्या महिला मंडळाकडे आलं आणि मंडळानं ते माझ्या गळ्यात घातलं. जिनं स्वतः लग्न केलं नाही तिचं मत निःपक्षपाती असतं, असं त्यांचं म्हणणं. वधूवरांची सगळी माहिती वेगळ्या टपालानं पाठवली आहे. तुझ्या यंत्रातून जोड्या काढून दे. काम नीट झालं तर मंडळ मन्मथप्पांना तसं पत्र देईल, आणि मग तुला कायम न करण्याची त्यांची काय बिशाद आहे ते मी बघते.

पोटभर जेवत जा. माझ्याकडून लोभ भरपूर आहे, तुझ्याकडून पत्रं कमी आहेत. तेवढी तूट भरून काढ.

तुझी,
उमाआत्या

*

लातूर,
८ मार्च १९८७

ती. उमाआत्यास शिवकांताचा सा. न. वि. वि.

जोड्या निघाल्या! कागद सोबत पाठवते आहे. छापून होताहोताच वीज गेली आणि टपालाची वेळ झाली, म्हणून मी अजून नीट वाचलेला नाही, पण यंत्रानं कुठेही तक्रार केली नाही.

एवढ्या लवकर कसं झालं, याचं तुला नवल वाटेल. आमच्याकडे टँकरवाल्यांच्या संघाचं काम आहे. गावाचं नाव दिलं की सर्वांत जवळचा रिकामा टँकर कोणता, ते यंत्र सांगतं. हा साचा मी बनवला आणि तो इतका छान जमला आहे की चालक लोक मला ताई म्हणू लागलेत. तुझं काम आलं तेव्हा मन्मथप्पा म्हणाले की साचा एकदा जमला की त्यात गूळ ओता नाहीतर मेण, नवा कशाला करत बसायचा. म्हणून तोच वापरला. टँकरच्या जागी वर घातले, गावाच्या जागी वधू. एका दुपारीत काम संपलं. मन्मथप्पांनी मला उसाचा रस पाजला. मला तर कायम झाल्यासारखंच वाटतंय.

आमच्या अप्पांना, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाला, इतक्यात काही लिहू नकोस, आपण दोघी मिळून त्यांना चकित करू. तुझा हात माझ्या डोक्यावर आहे तोवर मला कसली चिंता?

तुझी लाडकी,
शिवकांता

*

नांदेड,
१४ मार्च १९८७

चि. शिवकांता हिस,

आशीर्वाद आहेत, पण आज ते राखून ठेवले आहेत.

तुझा कागद आला. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडी सोडली की साडीसारखा खाली सरकणारा. तो आधी न वाचता मी मंडळाच्या सभेत मोठ्यानं वाचायला घेतला.

पहिला वर. नाव, गाव, वय, शिक्षण, इथपर्यंत सभा गंभीर. पुढे क्षमता, दहा हजार लिटर. सद्यःस्थिती, रिकामा. आजवरच्या खेपा, तीन. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तर सगळं तसंच. दुसरा वर, सद्यःस्थिती दुरुस्तीला. त्याची आई समोरच बसली होती. तिनं उठून विचारलं की माझ्या लेकरात काय दुरुस्त करायचंय ते इथेच, सगळ्यांच्या देखत सांगा. तिसऱ्याला एकाच दिवशी सकाळी जानवळला, दुपारी नळेगावला आणि संध्याकाळी शिरूर अनंतपाळला पाठवायचं होतं, आणि प्रत्येक ठिकाणाहून परत आला की तो पुन्हा उपलब्ध. कोपऱ्यातल्या दोघींनी तोंडाला लावलेला पदर सभा संपेपर्यंत काढला नाही.

सगळ्या रकान्यांत खरा असा एकच निघाला. ‘चालक’ या रकान्यात तू प्रत्येक वराच्या वडिलांचं नाव घातलं आहेस. त्याबद्दल मात्र सभेत दुमत झालं नाही.

आणि जोड्या! चाकूरच्या मुलीला चाकूरचाच मुलगा, कारण सर्वांत जवळचा रिकामा तोच. अगं, एका भिंतीआडचा चुलतभाऊ तो तिचा! जवळून आणायचं ते पाणी. नवरा नव्हे.

मला संगणक कळत नाही, पण जन्मभर मुलींची शाळा चालवली आहे. शाळेत हजेरीपट असतो, दाखलखारीज रजिस्टर असतं, निकालपत्रक असतं. मुली त्याच, मग सगळं एकाच वहीत का लिहीत नाहीत? कारण रोज सकाळी जे विचारायचं ते वेगळं, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी दाखला मागायला येते तेव्हा विचारायचं ते वेगळं. तुझ्या मन्मथप्पांना सांग, साचा घडवायच्या आधी माणसं त्याला काय विचारणार आहेत ते विचारून घ्यावं.

ही गोष्ट नांदेडात मावेल असं दिसत नाही. कंधारच्या दोन बायका सभेला होत्या, म्हणजे ती शरणप्पाच्या घरी आणि तिथून तुझ्या बापाकडे पोचणार. दुसरा कागद पाठव. वाचून पाठव.

राखून ठेवलेले आशीर्वाद आता देऊन टाकते. माया होती तेवढीच आहे, फक्त आज तिनं आवाज चढवला.

उमाआत्या

*

लातूर,
२६ मार्च १९८७

ती. आत्यास सा. न. आज नमस्कार खरोखरच साष्टांग, कारण तोंड वर करायची सोय नाही.

तुझं पत्र मी मन्मथप्पांना वाचून दाखवलं. ‘चालक’पर्यंत आले आणि ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरे होते, पण खांदे हलत होते. वळले तेव्हा मात्र गंभीर होते. म्हणाले, बाई, नांदेडच्या सभेत हसले ते हसले. बसवजयंतीला साऱ्या समाजासमोर मांडवात माझ्या केंद्राचं हसं झालं, तर टँकरपुरतं काम माझं मी बघीन. म्हणजे आत्या, माझी नोकरी आता तुझ्या नवरदेवांच्या हाती आहे.

तुझं हजेरीपटाचं म्हणणं मी यंत्रासमोर भिंतीवर लिहून लावलंय. टँकरवाल्यांचा खरंच एकच प्रश्न असतो, आत्ता कोण कुठे आहे? सकाळची जागा संध्याकाळी पुसली तरी कुणाचं अडत नाही. उत्तर मात्र झटक्यात हवं, कारण चालक खाली हॉर्न वाजवत उभा असतो. खालच्या डाळ मिलचं नेमकं उलटं. तिथे काहीच पुसायचं नाही. आलेलं पोतं, गेलेलं पोतं, ओळीखाली ओळ. चुकलं तरी खोडायचं नाही, खाली उलटी ओळ लिहायची. आणि लग्नाच्या कामात घाई नाही, पण एकाच माणसाकडे दहा बाजूंनी बघायचं. वय, शिक्षण, गोत्र, गाव, आणि सगळ्यांत आधी नातं.

म्हणून दुसरा साचा केला. प्रत्येक माणसासमोर नात्याचा एक चौकोन. पुण्याला शिकत होते तेव्हा सर म्हणाले होते की लग्नाच्या कामात नातेवाईक सरळ वगळायचे. वगळले. यंत्र बराच वेळ घुरघुरलं आणि अख्ख्या यादीत एकच वर उरला. त्याचे वडील बदली होऊन नागपूरहून उदगीरला आलेत. यंत्रानं त्याला आपल्या सगळ्या वधू सुचवल्या! बाकीचे सारे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात.

मग चालणारी नाती चौकोनात भरायला घेतली. आत्याचा मुलगा चालतो, मामाचा चालतो, मावशीचा म्हणजे भाऊच, तो चालत नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण नळेगावची आपली नीलम्मा आठवते ना? तिचं लग्न सख्ख्या मामाशी झालं. म्हणजे नवरा तिचा मामा, सासू तिची आजी आणि आई तिची नणंद! आता नीलम्माच्या आईसमोरच्या चौकोनात मी काय लिहू? चौकोन एक आणि नाती दोन, दोन्ही खरी. नणंद लिहिलं की यंत्र विचारतं, नीलम्माची आई कुठे? अशा नीलम्मा आपल्यात घरोघरी आहेत. चौकोन करणारे सर आपल्याकडचे नव्हते.

म्हणून तिसरा साचा. माणसं एका फायलीत, नाती दुसऱ्या फायलीत. दोघांमध्ये तीन नाती असली तर तीन ओळी, भांडण नाही. जागा तयार आहे, पण ती फाईल रिकामी आहे. कोण कुणाचं काय लागतं हे सांगणारं माणूस हवं. तुला ठाऊक आहे का गं?

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

शिवकांता

*

चाकूर,
३ एप्रिल १९८७

अक्काला अण्णारावचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असंल. माझी न्हाई, अन् त्याला कारण तू हायेस.

तुझ्या त्या सामुदायिक लग्नापायी माझ्या पोरीचं ठरत आलेलं लगीन मोडायची पाळी आली हाय. शरणप्पाचे काका परवा माझ्या दुकानात आले, गूळ घेतला, अन् जाता जाता इचारलं का, तुमची पोरगी आमच्या शरणप्पाला किती लिटरचा धरती? गिऱ्हाइकं हसली. मी बी हसलो, करता काय. पण घरी येऊन जेवलो न्हाई.

आता बास झालं. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी लातूरला जाऊन पोरीला घेऊन येतो. सामान तिचं एक ट्रंक, मोटारीच्या टपावर मावतंय. जिचं सोताचं लगीन झालं न्हाई तिनं गावाची लग्नं जुळवू नयेत, असं मी म्हणत न्हाई, लोक म्हणून राहिले. तू मोठी हायेस, शिकलेली हायेस, इंग्रजीत रागावतीस, सगळं मान्य. पण बाप मी हाय.

तुझी चार पानं मिळाली होती. दोन वाचली. आणखी चार धाडू नको. माया हाय म्हणून एवढं तरी लिवलं, न्हाईतर मला खामखा हात दुखवायची हौस न्हाई.

अण्णाराव

*

नांदेड,
७ एप्रिल १९८७

चि. शिवकांता हिस आशीर्वाद, घाईचे पण पूर्ण.

तुझा बाप येत्या सोमवारी तुला न्यायला येतो आहे. घाबरू नकोस. त्याचं कार्ड वाचून मी खोलीत तीन फेऱ्या मारल्या, इंग्रजीत एक वाक्य बोलले, आणि मग मला हसू फुटलं. का ते सांगते.

तू मला विचारलंस, कोण कुणाचं काय लागतं. मला नाही ठाऊक. मला कॉन्व्हेंटात इंग्लंडच्या राजांच्या सगळ्या राण्या पाठ करायला लावल्या. आपल्या घरच्या सुना कुठून आल्या ते कुणी विचारलं नाही. पण दुकानात बसून गिऱ्हाइकाचं सारं खानदान मोजणारा एक माणूस मला माहीत आहे, आणि तो सोमवारी आपल्या पायांनी तुझ्याकडे येतो आहे.

वाद घालू नकोस, रडू नकोस. ट्रंक भरून दाराशी ठेव. फक्त मोटारीला वेळ असेल तेवढ्यात यंत्रापाशी बसून एखादं नातं मोठ्यानं चुकीचं बोल. अण्णारावला भूक सहन होते, ऊन सहन होतं, दुसऱ्यानं चुकीचं सांगितलेलं नातं सहन होत नाही. लहानपणी एका मयताला गेला होता, तर आक्रोश करणाऱ्या बाईला थांबवून, तो तुझा दीर नव्हे, चुलतसासरा, असं सांगून आला. बाई बिचारी पुन्हा पहिल्यापासून रडली.

काय होतं ते लगेच कळव. इथे माझा जीव टांगणीला आहे, आणि या वयात तो फार वेळ टांगून ठेवू नये.

उमाआत्या

*

लातूर,
१६ एप्रिल १९८७

ती. आत्यास सा. न. वि. वि. नमस्कार एक, मुके दहा.

अप्पा आले. पाणी दिलं, घेतलं नाही. चल म्हणाले. ट्रंक दाराशी होतीच. मी म्हणाले, एवढी एक ओळ संपवते. आणि यंत्राकडे बघून म्हणाले की नीलम्माची सासू म्हणजे तिच्या आईची मावशी.

अप्पा दारातच थबकले. म्हणाले, कोणाची मावशी? मी म्हणाले, आईची. ते म्हणाले, येडी का खुळी तू, सासू तिच्या आईची सख्खी आई हाय! मी म्हणाले, यंत्रात तर असंच आहे. ते म्हणाले, मग यंत्र भंगारात घाला. आणि चपला काढून आत आले. आत्या, आमच्या यंत्राला उष्मा सोसत नाही म्हणून ती खोली गार ठेवतात. बाहेर वैशाखाला शोभेल असं ऊन आणि आत पौष. अप्पा खुर्चीवर बसले, एकदा वर गार वाऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, लिही.

दुपारची मोटार गेली. संध्याकाळची गेली. मन्मथप्पांनी त्यांना रस पाठवला, तो त्यांनी नाती सांगता सांगता पिऊन टाकला. यंत्राशी त्यांचं दोनदा भांडण झालं. एकदा अप्पांनी एकाच माणसाला दोन बाप दिले आणि यंत्रानं ते घेतलं नाही. अप्पा म्हणाले, मशीन बेअक्कल हाय. मग बोटांवर मोजलं आणि हळूच म्हणाले, बराबर हाय त्याचं, दुसरा चुलता होता. तेव्हापासून ते यंत्राला ‘अहो’ म्हणतात.

काल पहिल्या जोड्या निघाल्या. अप्पांनी चष्मा लावून एकेक तपासली. पाचवीला मान हलवली. नातं चालतंय, गोत्र वेगळं, वय बराबर, पण ह्यांचा अन् त्यांचा विहिरीवरून अबोला हाय. मी म्हणाले, अबोला कुठे लिहू? ते म्हणाले, लिहायची जागा न्हाई? मग लग्नं काय नुसत्या नात्यावर होत्यात? म्हणून आता तिसरी फाईल केली आहे, अबोल्याची. कुणाचा कुणाशी, कशावरून, कुठल्या लग्नापासून. ती नात्यांच्या फायलीपेक्षा जोरात वाढते आहे.

मला न्यायचा विषय कुणी काढत नाही. मीही काढत नाही. तू देवाला काही बोलली असशील तर त्यालाही सांग, सध्या काढू नकोस.

तुझी,
शिवकांता

*

लातूर,
२७ एप्रिल १९८७

अक्काला अण्णारावचा नमस्कार. मागचं पत्र फाडून टाक. उष्म्यात लिवलं होतं.

समद्या जोड्या ठरल्या. एका बी जोडीत भाऊबहीण न्हाई, एका बी जोडीत अबोला न्हाई. उदगीरच्या त्या नागपूरवाल्याला बी एकच पोरगी दिली. तुझ्या मंडळाचं पत्र आलं. मन्मथप्पानं ते उभं राहून वाचलं अन् शिवकांताला कायम केली. मी त्याला म्हणलं, उशीरच केलास. डाळ मिलवाल्याला सोताचा येगळा साचा पाहिजे म्हणून तो बी जिन्यात उभा हाय. मन्मथप्पा आता गूळ अन् मेण म्हणत न्हाई.

शरणप्पाच्या काकाला सांगून टाकलं, पोरगी कामात हाय. ते म्हणाले, कवर? मी म्हणलं, आत्ता कुठं चाकूर झालं. उदगीर हाय, निलंगा हाय, तुमच्या कंधारला तर हातबी लावलेला न्हाई. ते म्हणाले, मग लगीन कवा? मी म्हणलं, नोकरी करू देणारा असंल त्यानं नाव धाडावं, बघू. ते रागानं गेले. अबोल्याच्या फायलीत त्यांचं नाव मीच घातलं, माझ्या नावासमोर.

पण अक्का, एक अडचण हाय. पोरगी म्हणून राहिली का, अप्पा, लग्नं लागली की तुम्ही चाकूरला जावा, दुकान बंद हाय, आई एकटी हाय, खुर्ची एकच हाय. मन्मथप्पा बी मला बघून खाकरतो. मी तिला न्यायला आलो अन् तीच मला मोटारीत बसवून द्यायला निघाली. अगं, निलंग्याच्या लोकांची नाती ह्या लेकरांना कोण सांगणार? निम्मी कानडी मुलखात गेलीत!

तर तू तिला दोन शब्द लिही. तुझं ऐकती. मराठीत लिही, इंग्रजीत लिही, चार पानं लिही. अन् कंधारहून न्हाईतर कुठूनबी कुणी तिची नोकरी सोडवायला आलं, तर पहिलं मला कळव. ती सुटली तर मला त्या खोलीत बसू कोण देईल?

घाईनं लिव, अक्का. लोभ कर. पोरीवर तर हायेच तुझा, ह्या टायमाला माझ्यावर कर.

तुझा धाकटा भाऊ,
अण्णाराव